गरम मसाज बेड की उभ्याने केलेला व्यायाम? दुखणं थांबणं आणि बरं होणं यांतला फरक

तुमच्या घरातलं कोणी सध्या सकाळी लवकर आवरून 'थेरपी'ला जातं का? गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांपासून शहरांच्या उपनगरांपर्यंत गरम मसाज बेडची केंद्रं निघाली आहेत. एका गाळ्यात ओळीने आठ-दहा बेड असतात. टोकन घ्यायचं, नंबर आला की आडवं व्हायचं. बेडच्या आतले गरम रोलर मानेपासून माकडहाडापर्यंत वर-खाली फिरतात, पोटावर एक गरम पट्टा ठेवला जातो आणि चाळीस मिनिटांनी उठायचं. पैसे काही घेत नाहीत. मध्येच कोणी तरी उभं राहून आपला गुडघा कसा बरा झाला ते सांगतं, सगळे टाळ्या वाजवतात. दोन-तीन महिन्यांनी बेडच्या किमतीचा विषय निघतो. ती बहुतेक वेळा लाखाच्या पुढे असते.

मग ते रुग्ण माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, बेड घेऊ का?"

याच काळात दुसरा एक प्रश्न वाढला आहे. परदेशात किंवा पुण्या-मुंबईत असलेली मुलं आईवडिलांना मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. त्यात चीनमधल्या बागेत म्हातारी माणसं संथपणे हात वर-खाली करताना दिसतात. खाली लिहिलेलं असतं, 'रोज १५ मिनिटं चीगाँग, सगळे आजार दूर'. त्यावरचा प्रश्न असा असतो: "हे केलं तर बेडची गरज नाही ना?"

दोन्ही प्रश्नांत 'बरं होणं' हा शब्द येतो, पण दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. तो नीट समजला, तर तुमचे पैसे वाचतील आणि कदाचित तब्येतही.

उष्णतेने बरं का वाटतं?

आधी बेडची बाजू. शेक घेतल्यावर बरं वाटतं हे खरं आहे, त्यात कोणतीही फसवणूक नाही. आपल्या आज्या विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून शेकत, बाळंतिणीला शेक-शेगडी होतीच, आणि रबराची गरम पाण्याची पिशवी आजही बहुतेक घरांत सापडते. उष्णतेने त्वचेखालचा रक्तपुरवठा वाढतो आणि आखडलेला स्नायू सैल पडतो. शिवाय मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांना वाटेत अडथळा येतो. एखाद्या ठिकाणी मार लागला की आपण नकळत तिथे चोळतो, त्यामागेही हेच कारण आहे. गरम स्पर्श आणि दाब यांचे संदेश पुढे गेले की दुखण्याचे संदेश मागे पडतात. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हा विचार मांडला. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, तरी त्याचा गाभा टिकून आहे.

अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नुकत्याच सुरू झालेल्या कंबरदुखीत गोळ्यांच्या आधी ज्या गोष्टी करून पाहायला त्यांनी सांगितल्या, त्यांत वरवरचा शेक आहे, मसाजही आहे. म्हणजे परवा बादली उचलताना कंबर धरली असेल, तर शेक घेणं हा शास्त्राला धरून असलेला सल्ला आहे.

दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की चित्र बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यात व्यायाम आहे, रुग्णाला त्याचं दुखणं समजावून सांगणं आहे, मानसिक आधाराच्या पद्धती आहेत. मसाजही आहे, पण त्यामागचा पुरावा कच्चा असल्याचं मान्य करून. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन सरसकट वापरू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे कंबर दुखली की पहिल्या आठवड्यात पट्टा विकत घेतला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता उष्णता किती खोल जाते ते पाहा. बाहेरून दिलेला साधा शेक त्वचेखाली साधारण एक-दोन सेंटिमीटरपर्यंत पोचतो. कमरेची चकती त्यापेक्षा बरीच खोल असते. त्यामुळे 'गादी सरकलेली जागेवर बसते', 'नस मोकळी होते', 'किडनी साफ होते' अशी वाक्यं कानावर आली की सावध व्हा. रोलरने चकती जागेवर बसत नाही. रोलरने स्नायू सैल होतात, आणि तो सैलपणा काही तास टिकतो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटतं.

चीगाँग म्हणजे नेमकं काय?

संथ हालचाल, श्वास आणि लक्ष या तिन्हींची सांगड घालणारे जुने चिनी व्यायामप्रकार या नावाखाली येतात. प्रकार पुष्कळ आहेत, पण आज त्याला ज्या अर्थाने 'उपचार' म्हटलं जातं, तो अर्थ १९५० च्या दशकातला आहे. चीनमधल्या हबै प्रांतात लिऊ गुईझेन यांच्या पुढाकाराने चीगाँगची आरोग्यधामं सुरू झाली. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये ज्या प्रांतात वारले, तोच हा हबै. चीनच्या त्या भागाशी आपलं नातं एवढं जुनं आहे.)

पुढची कथा व्हिडिओत कोणी सांगत नाही. १९८० आणि ९० च्या दशकांत चीनमध्ये चीगाँगची अक्षरशः लाट आली. काही 'गुरू' मैदानात हजारो लोकांसमोर उभे राहून आपल्या हातातून 'बाहेरची ऊर्जा' सोडून कर्करोग बरा करतो, असं सांगू लागले. लोक तासन्‌तास नुसते बसून ती ऊर्जा घेत. म्हणजे ज्या पद्धतीत रुग्णाने स्वतः हालचाल करायची, तिचंही रूपांतर 'तुम्ही बसा, बरं मी करतो' यात झालं होतं. शेवटी सरकारने या सगळ्याला लगाम घातला. २००० नंतर चीनच्या क्रीडा विभागाने चार व्यायामसंच ठरवून दिले आणि ते 'आरोग्य चीगाँग' म्हणून शिकवले जाऊ लागले.

त्या चारांपैकी सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त केला जाणारा संच म्हणजे बादुआनजिन, आठ हालचालींचा. दोन्ही हात गुंफून आकाशाकडे ढकलायचे. धनुष्य ओढल्यासारखा एक हात पुढे, एक मागे. मग एक हात वर, एक खाली. मान सावकाश वळवून मागे पाहायचं. गुडघे वाकवून धड एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यायचं. पुढे वाकून पायाकडे हात. मुठी आवळून पुढे नेणं. शेवटी टाचा उचलून हलकेच जमिनीवर टेकवणं. पूर्ण संच करायला १२ ते १५ मिनिटं लागतात. घाम येत नाही, धाप लागत नाही. पण पहिल्यांदा करून पाहाल तेव्हा मांड्या थरथरतील, आणि हा व्यायाम आहे हे त्या थरथरीवरून कळेल.

चाचण्यांमधून काय दिसलं?

चीगाँगचाच जवळचा भाऊ म्हणजे ताई ची. मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्या ताई चीवर जास्त झाल्या आहेत, म्हणून आकडे तिथले देते.

अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० वर्षांच्या पुढचे ६७० लोक घेतले होते. हे सगळे आधी पडलेले किंवा पडण्याचा धोका असलेले. सहा महिन्यांत ताई चीच्या गटात पडण्याचं प्रमाण नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होतं. ताकद, तोल, चालणं असे मिश्र व्यायाम करणाऱ्या गटापेक्षाही ते ३१ टक्क्यांनी कमी राहिलं. ज्यांच्या घरात कोणी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं आहे, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

गुडघ्याच्या झिजेवर २०१६ मध्ये २०४ रुग्णांची एक चाचणी झाली. १२ आठवड्यांनंतर ताई ची आणि फिजिओथेरपी या दोन्ही गटांत दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं होतं. २०२४ मध्ये चीनमधून आलेल्या ३४२ जणांच्या चाचणीत, रक्तदाब थोडा वाढलेला पण अजून गोळ्यांपर्यंत न पोचलेला असे लोक होते. वर्षभर ताई ची केल्यावर त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरला, तर भरभर चालणं, सायकल अशा व्यायामांच्या गटात सुमारे साडेचार अंकांनी. हे गोळ्या चालू असलेल्या रुग्णांबद्दल नाही, हे लक्षात ठेवा. 'ताई ची केली, गोळी बंद' असा अर्थ त्यातून काढू नका.

आणि ही जादू फक्त चिनी व्यायामाची आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ७०१ लोकांवर झालेली चाचणी माझ्या मते आपल्या रुग्णांसाठी सर्वांत कामाची आहे. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांना फक्त चालायला लावलं, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवत. चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांत दुखू लागली. खर्च काय, तर चपला.

तर तुलना बेड विरुद्ध चीगाँग अशी करण्यापेक्षा, शरीराने काही करणं विरुद्ध शरीरावर काही केलं जाणं अशी करायला हवी. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातली साखर ओढून घेतो. पायावर भार पडतो तेव्हा हाडाला टिकून राहण्याचा संदेश मिळतो. तोल जाता जाता सावरतो तेव्हा मेंदू आणि पाय यांचा मेळ सुधारतो. गुडघा दुखेल म्हणून वाकायचंच नाही, ही भीती हळूहळू वाकूनच जाते. यातलं काहीही आडवं पडून होत नाही, रोलर कितीही गरम असला तरी. उलटपक्षी, निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला, असं २००७ मध्ये एका अभ्यासात दिसलं होतं.

एका काकांची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून यातले तपशील बदलले आहेत. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका, वय ६७. तीस वर्षं स्टिअरिंगवर गेलेली, त्यामुळे कंबर आणि गुडघे दोन्ही दुखत. सोबत मधुमेह आणि बीपी. ते केंद्रात जायला लागले आणि तीन महिन्यांनी माझ्यासमोर खुशीत बसले. दुखणं निम्म्यावर आलं होतं. झोप लागत होती. शुगरही थोडी सुधारली होती. खरं सांगते, मलाही आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, जे चाललंय ते चालू द्या, गोळ्या मात्र सोडू नका.

काकांनी निवृत्तीच्या पैशातून बेड घेतला. घरात, हॉलमध्ये.

सात महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. दुखणं पूर्वीसारखंच, वर वजन वाढलेलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.२ वरून ९.६ वर गेला होता. तळपायाला मुंग्या येत होत्या. आणि डाव्या पोटरीवर तपकिरी जाळीसारखा डाग होता, तो त्यांनी पाहिलाच नव्हता.

मला कोडं पडलं. केंद्रात फरक पडला, मग तोच बेड घरी आणल्यावर उलटं कसं झालं? मी विचारत गेले. केंद्र त्यांच्या घरापासून दीड किलोमीटरवर होतं. रिक्षाचे पैसे नकोत म्हणून ते चालत जात आणि चालत येत, रोज तीन किलोमीटर. नंबर लवकर लागावा म्हणून सकाळी सहाला उठत, म्हणून रात्री लवकर झोपत. तिथे त्यांच्या वयाचे पंधरा-वीस लोक भेटत. मागच्या वर्षी काकू गेल्यापासून काका कोणाशी बोललेच नव्हते, ते तिथे बोलायला लागले. बेड घरी आला आणि हे सगळं थांबलं. उरला फक्त बेड. दिवसातून दोनदा त्यावर पडायचं आणि उरलेला वेळ टीव्हीसमोर.

दुसरी गोष्ट त्यांनी मुलासमोर सांगितली नाही, नंतर एकटे असताना सांगितली. केंद्रातल्या एका मदतनीसाने त्यांना म्हटलं होतं, "काका, आता आतून शुद्धी चालू आहे, गोळ्यांची सवय हळूहळू मोडा." शुगरची गोळी त्यांनी चार महिन्यांपासून घेतलीच नव्हती. मला सांगायला लाज वाटली, असं म्हणाले.

त्या दिवशी मी माझ्यावरही चिडले. पहिल्या भेटीत मी "चालू द्या" म्हटलं, पण नेमकं काय चालू आहे ते विचारलं नव्हतं. तुम्ही कुठे जाता, कसे जाता, तिथे कोण काय सांगतं, हे दोन मिनिटांत विचारता आलं असतं.

जाळीदार डाग आणि इतर धोके

त्वचेला वेदना जाणवत नसली तरी ती भाजू शकते. ४४ अंश सेल्सिअसला सतत टेकून राहिलं, तरी साधारण सहा तासांत त्वचा भाजते, आणि तापमान वाढत जातं तसा हा वेळ झपाट्याने कमी होतो. निरोगी माणूस चटका बसला की बाजूला होतो. मधुमेहात पायांच्या नसा बधिर झाल्या असतील, तर चटका कळतच नाही. त्याहून कमी पण रोजच्या उष्णतेने त्वचेवर तपकिरी-लाल जाळी उमटते. काकांच्या पोटरीवर तीच होती, पाय शेकायचा वेगळा पट्टा ते तासभर लावून ठेवत. अशी जाळी दिसली की त्या जागेचा शेक बंद करायचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. बेडच्या केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या साठीच्या पुढच्या लोकांत त्यातले किती असतील, तुम्हीच विचार करा.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी, विशेषतः पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बायकांनी, मणक्यावर दाब देणारे रोलर वापरू नयेत. दाबाने मणका चेपला जाऊ शकतो. मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल, पायात रक्ताची गुठळी असेल, कर्करोगाचा उपचार चालू असेल, पेसमेकर असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, गरोदरपण असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गरम बेडवरून झटकन उठू नये. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीवर वळा, दोन मिनिटं बसा, मग उभे राहा.

चीगाँगलाही धोके आहेत, पण कमी. तोल जाणाऱ्या माणसाने सुरुवातीला खुर्चीची पाठ धरून करावं. पुढे वाकण्याची हालचाल ठिसूळ हाडं किंवा काचबिंदू असलेल्यांनी टाळावी. सायकोसिसचा त्रास झालेल्या माणसाने तासन्‌तास श्वास आणि 'ऊर्जा' यांवर लक्ष लावणारे प्रकार करू नयेत, चीनमध्ये त्यातून त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आणि व्हिडिओतला माणूस कर्करोग बरा करण्याची भाषा करू लागला, की तो व्हिडिओ बंद करा.

जाहिरात काय म्हणू शकते?

'औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा' आपल्याकडे १९५४ पासून आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग, पक्षाघात, कर्करोग यांसह अनेक आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायला त्यात मनाई आहे. ही मनाई फक्त गोळ्या-काढ्यांपुरती नाही, शरीरावर परिणाम करणाऱ्या वस्तूही त्यात येतात. म्हणून हुशार विक्रेता छापील पत्रकात 'आराम' आणि 'स्वास्थ्य' एवढंच लिहितो. मधुमेह जातो, हे तोंडी सांगितलं जातं किंवा तुमच्यासारख्याच एखाद्या रुग्णाकडून वदवून घेतलं जातं.

'अमेरिकेच्या एफडीएकडे नोंदणी' हे वाक्यही ऐकू येतं. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. कंपनीने आपलं नाव आणि उपकरण तिथे नोंदवलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या उपकरणाने मधुमेह बरा होतो, असं एफडीएने म्हटलेलं नसतं. फसवणूक झाली असं वाटत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. बिल, पत्रक, हप्त्याचे कागद जपून ठेवा. तोंडी दावा केला गेला असेल तर तो कोणी, कधी केला ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

मग काय करायचं?

बेडच्या केंद्रात जाऊन आई-बाबांना बरं वाटत असेल, तर त्यांच्याशी भांडू नका. "कुठल्या मूर्खपणाला जाता" असं म्हटलं की ते जाणं थांबवत नाहीत, तुम्हाला सांगणं थांबवतात. त्याऐवजी एकदा त्यांच्यासोबत जा. कसे जातात, तिथे कोण भेटतं, काय सांगितलं जातं ते ऐका. गोळ्यांचा डबा पाहा. बेड विकत घ्यायचा विषय निघाला तर एवढंच विचारा की बेड घरी आल्यावर तुम्ही सकाळी कुठे जाल.

शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं पुरेशी आहे, पाण्याचं तापमान धडधाकट संवेदना असलेल्या माणसाने हात लावून पाहावं. आणि शेक संपल्यावर पुढचा अर्धा तास वाया घालवू नका. स्नायू सैल असतात, दुखणं कमी असतं, हालचाल करायला तीच वेळ सर्वांत चांगली. माझ्याकडच्या बऱ्याच रुग्णांना मी आता शेक आणि व्यायाम अशी जोडीच लिहून देते. शेकाला माझा विरोध नाही, त्यानंतर पुन्हा झोपण्याला आहे.

चीगाँग शिकवणारे चांगले शिक्षक आपल्याकडे फारसे नाहीत, ही अडचण आहे. पण तेच काम करणाऱ्या गोष्टी आपल्याकडे आहेत. ताडासनात हात वर ताणणं आणि टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, पाचपासून सुरुवात करून. कट्टा धरून एका पायावर दहा सेकंद. लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या संस्था १९२४ पासून योगाकडे अभ्यास म्हणून पाहत आल्या आहेत, आणि योगामुळे जुनाट कंबरदुखी थोडी कमी होते असं चाचण्यांतही दिसलं आहे. 'थोडी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्या लोकांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करायला सांगते, आठवड्याच्या १५० मिनिटांच्या चालण्यासारख्या हालचालीसोबत. भारतात जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचालच करत नाहीत, आणि बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे, असा २०२२ चा अंदाज आहे. घरकाम हा व्यायाम होतो का, असं बायका विचारतात. केर-लादी होते, ओट्याशी उभं राहणं होत नाही.

ज्यांना उठताच येत नाही, त्यांच्यासाठी हा हिशेब वेगळा आहे. पक्षाघातानंतर अंथरुणात असलेला माणूस, अगदी थकलेले आजोबा, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला रुग्ण, यांच्यासाठी मुलीने तेल लावून पाय चोळणं हाच मोठा उपचार आहे. त्याला 'पॅसिव्ह' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

काकांचं म्हणाल, तर गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पायांची तपासणी केली, शुगर पाच महिन्यांनी ७.८ वर आली. ते पुन्हा रोज त्या दीड किलोमीटरच्या रस्त्याने जातात. केंद्राच्या अलीकडे गणपतीच्या देवळाचा पार आहे, तिथे त्यांचे तेच सोबती जमतात, खुर्च्या नसल्याने उभ्यानेच गप्पा मारतात. बेड विकायचा प्रयत्न चालू आहे, निम्म्या किमतीलाही कोणी घेत नाही.

कंबरदुखीसोबत पायातली ताकद कमी झाली, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, ताप किंवा विनाकारण वजन घटणं सुरू झालं, पडल्यानंतर दुखणं लागलं, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर बेड नको, व्यायामही नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनी पुढच्या भेटीत चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, बंद केलेल्या गोळ्या आणि जिथे 'थेरपी' घेता तिथलं पत्रक, असं तिन्ही सोबत आणा.